उपटेल त्याची पऱ्हाटी

परवा मंगरूळपीरहून वाशिमला येताना एसटीच्या खिडकीला बाहेरून काहीतरी करकरत घासत गेलं. शेजारची बाई दचकून आत सरकली. पाहते तर पऱ्हाटीनं शिगोशीग भरलेली ट्रॉली, दोन्ही अंगांनी हात हात बाहेर आलेली, अर्धा रस्ता अडवून कारंजाच्या दिशेला चाललेली. एक काडी तुटून खिडकीतून माझ्या मांडीवर पडली. तिच्या टोकाला सुकलेल्या बोंडाचं टरफल होतं आणि त्यात कापसाचा एक चुकार धागा अडकलेला होता. ती काडी मी पर्समध्ये ठेवली. कशाला ठेवली, ते मला सांगता येणार नाही. घरी आल्यावर मायनं ती पर्समधून डोकावताना पाहिली आणि भाजी निवडत बसली.

फाल्गुन आला हे मला असं कळतं. लोकांना पळस दिसतो. पळस मलाही दिसतो, नाही असं नाही. मानोऱ्याकडच्या माळावर तो असा काही पेटतो की एसटीचा कंडक्टरसुद्धा मान वळवतो. पण माझ्या डोक्यात या दिवसांना एकच शब्द आहे, उलंगवाडी. कापसाची शेवटची वेचणी झाली, बोंडं संपली, राखण उठली, शेळ्या शेतात शिरल्या तरी कोणी हाकलायला येत नाही, म्हणजे उलंगवाडी झाली. मग शेतात उरते ती वाळकी झाडं. कपाशीच्या या झाडाला आम्ही पऱ्हाटी म्हणतो. हिरवी असताना ती शेतकऱ्याची, वाळल्यावर ती कोणाची, हा प्रश्न आमच्या गावात कित्येक वर्षं कोणाला पडलाच नव्हता.

आमचं गाव इंझोरीच्या पलीकडे, रस्ता सोडून आत. तिथं रीत अशी होती की उपटेल त्याची पऱ्हाटी. पुढच्या पेरणीसाठी शेतकऱ्याला रान मोकळं हवं असायचं आणि आमच्या वस्तीतल्या बायांना वर्षाचं सरपण. बाया रान उपटून साफ करायच्या आणि पऱ्हाटी घरी न्यायच्या. कोणी कोणाला बोलावत नसे, कोणी कोणाला विचारत नसे. उलंगवाडी झाली की बाईनं त्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक दगड नेऊन ठेवायचा. दगड दिसला की दुसरी बाई त्या शेतात पाय घालत नसे आणि शेतकरी समजायचा की यंदा आपलं रान अमकी उपटणार. उपटलेली पऱ्हाटी मोळ्या बांधून धुऱ्यावरच वाळत ठेवायची. होळी व्हायची, गावभर पोरं लाकडं पळवायची, पण धुऱ्यावरच्या मोळीला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

बापूंच्या नाल्याकाठच्या शेतावर माझ्या मायचा दगड असायचा. काळा, एका बाजूनं चपटा, माय आणि अनुसयामावशी दोघी मिळून तो ठेवायच्या. अनुसयामावशी म्हणजे आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, मायची सगळ्या कामांतली जोडीदार. बापू गावातले मोठे शेतकरी, माणूस तसा वाईट नाही, हे मला आजही लिहावं लागतंय आणि लिहिताना दात आवळले जातायत.

मायला कोणाकडे काही मागता येत नाही. हा तिचा स्वभाव म्हणून सांगितला तर अर्धंच सांगितलं असं होईल. आज्याच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा पहिल्यांदा काय सोडलं असेल तर दारोदार मागायला जाणं. गावाची कामं करायची आणि संध्याकाळी टोपली घेऊन दारात उभं राहायचं, ते बंद. त्या वर्षी घरात खायला नव्हतं, गावानं आम्हाला पिठाची गिरणीसुद्धा बंद केली, पण टोपली पुन्हा उचलली नाही, असं आजी सांगायची. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की शेजाऱ्याकडून विरजण आणायचं म्हटलं तरी माझे पाय जड व्हायचे. धनजहून लग्न होऊन आलेली माझी माय या घराच्या ताठ्यात अशी मुरली की सासूपेक्षा काकणभर सरसच झाली. पऱ्हाटी मात्र तिला मागावी लागत नसे. ती मेहनतीची होती. दगड ठेवला, उपटली, आणली. त्यात ना कोणाचा उपकार, ना कोणाची दया.

ते उपटणं काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण शाळा-कॉलेजच्या प्रत्येक उन्हाळ्याआधीचे माझे दिवस त्यात गेले. काळी जमीन तोवर दगड झालेली असते, भेगांत बोट जातं. हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या, लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्यात झाडाचा बुंधा धरायचा आणि अंगाचा सगळा भार मागं टाकायचा. मूळ सुटताना एक आवाज येतो, खट्ट असा, आणि आपण कधी कधी मागच्या मागं बसतो. मग माय आणि मावशी हसायच्या. दुपारी बाभळीच्या विरळ सावलीत बसून भाकर, लाल मिरचीचा ठेचा, कांदा. अंगाला सुकल्या पानांचा भुगा चिकटलेला, मानेत खाज. संध्याकाळी हातांवरच्या चिंध्या सोडल्या की तळहात दुसऱ्याचेच वाटायचे.

आणि पऱ्हाटीचा जाळ. तुराटी भपकन पेटते आणि भाकर उलटेपर्यंत विझते. पऱ्हाटी तसं करत नाही. ती बेतानं पेटते, धूर कमी, आच एकसारखी. माझी बारावी त्या आचेवर झाली. माय भाकरी थापायची आणि मी चुलीपाशी बसून पुस्तक वाचायची. त्याच वर्षी बाबा गेले होते आणि घरात आम्ही दोघीच उरलो होतो. चुलीचा उजेड पानावर हलायचा. कोपऱ्यात पऱ्हाटीची गंजी छताला टेकलेली असली की मायचा चेहरा निवांत असायचा. श्रीमंत असणं म्हणजे काय, याचं माझ्या मनातलं चित्र बराच काळ तेवढंच होतं.

मग मी विद्यापीठात गेले. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं नाव लांबलचक होतं, शाश्वतता आणि सामाजिक न्याय. गावात ते नाव सांगताना माझीच जीभ अडखळायची. मायनं विचारलं, काय असतं त्यात. मी म्हटलं, जमीन, पाणी, जंगल संपू नये म्हणून काय करायचं ते आणि कोणावर अन्याय होऊ नये म्हणून काय करायचं ते. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्याच्यानं नोकरी लागते काय. मी म्हटलं, लागते. आज मी वाशिमच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर पर्यावरण शिकवते, म्हणजे तास झाला तर मानधन, सुट्टी आली तर ठणठणाट. तेव्हा मायचा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

विद्यापीठाचे ते दिवस मला आवडले होते, हे कबूल करते. मोठी झाडं, थंड वाचनालय, आणि माणसं अशी की अन्याय हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणायची. आमचे सर जीव ओतून शिकवायचे. प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी कधी प्यायचे नाहीत, कॅन्टीनमध्ये स्वतःचं ताट स्वतः धुवायचे. आमच्या वस्तीतल्या माणसांबद्दल इतक्या आदरानं बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. फक्त ते बोलायचे तेव्हा ती माणसं कुठंतरी दूर बसलेली आहेत असं वाटायचं आणि मी तर पहिल्याच बाकावर बसलेली असायची.

एकदा त्यांनी पडद्यावर शेताचा फोटो दाखवला. उलंगवाडी झालेलं रान, उभी पऱ्हाटी. खाली लिहिलं होतं, कृषी-कचरा. सर सांगत होते की हा कचरा शेतकरी बांधावर जाळतो, त्याचा धूर हवेत जातो आणि त्याच कचऱ्यापासून हरित इंधन करता येतं. मी हात वर करून म्हटलं, सर, हा कचरा नाही, हे सरपण आहे. सर छान हसले. म्हणाले, बरोबर आहे, पारंपरिक इंधन म्हणून त्याचा मर्यादित वापर होतो. आमच्या घरातली गंजी त्या मर्यादित वापरात बसवून सर पुढच्या चित्राकडे गेले.

दुसऱ्या वर्षाच्या फाल्गुनात अभ्यासदौरा ठरला. असा हरित इंधनाचा एक कारखाना आमच्याच जिल्ह्यात, कारंजाच्या बाजूला नुकताच सुरू झाला होता. शेतातली पऱ्हाटी, तुराटी, सोयाबीनचं कुटार गोळा करून त्याच्या दाबून कांड्या पाडायच्या. लोक त्याला पांढरा कोळसा म्हणतात. त्या कांड्या दूरच्या कारखान्यांच्या भट्ट्यांत जातात. सरांना ही आदर्श गोष्ट वाटली. मला काय वाटलं? मी हरखले. आपल्या जिल्ह्यात विद्यापीठाचा वर्ग येणार याचाच आनंद मोठा होता. दुपारचं जेवण आमच्या घरी करू, असं मीच सुचवलं. मायला फोन केला तर ती उत्साहानं म्हणाली, पाटोडीचा रस्सा करते, भाकरी करते, अनुसयाले घेतो हाताखाली. मग सहज म्हणाली, बापूंचं रान उपटून झालं, पऱ्हाटी धुऱ्यावर वाळून राह्यली, तुह्ये लोक यायच्या दिवशी सकाळी पहिल्या मोळ्या आणतो म्हणजे नव्या पऱ्हाटीवर सैपाक होईन.

कारखान्याच्या आवारात आम्ही उतरलो तेव्हा सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. फाटकापासून आतपर्यंत पऱ्हाटीचे डोंगर. इतकी पऱ्हाटी एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती आणि पहिल्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वासच तसा होता, आमच्या घराच्या कोपऱ्याचा. एका बाजूला यंत्र काड्यांचा भुगा करत होतं, दुसऱ्या बाजूनं कांड्या पडत होत्या. व्यवस्थापक सांगत होते, सर टिपून घेत होते, मुलं फोटो काढत होती. ट्रॉलीतून नुकताच ओतलेला एक ढीग यंत्राजवळ पडला होता. बाकी सगळा माल सुटा किंवा नायलॉनच्या दोरीनं आवळलेला. या ढिगातल्या मोळ्या मात्र लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेल्या होत्या. जांभळा रंग, पिवळे काठ.

ते लुगडं मी ओळखते. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मामानं आणलेलं, पुढं विटून विटून माझं पांघरूण झालेलं. मायची गाठही मला ओळखू येते. ती दोन वेढे घेऊन टोक आत खुपसते, म्हणजे सोडताना दातांनी ओढावं लागत नाही. मी जवळ गेले, गाठीला हात लावून पाहिलं. कामावरच्या माणसानं मला बाजूला व्हायला सांगितलं आणि दोन मोळ्या उचलून यंत्राच्या तोंडाशी टाकल्या. चिंधी तेवढी ओढून काढून फेकली, कारण ती यंत्रात अडकते.

मी मोठ्यानं म्हणाले, "सर, या मोळ्या माझ्या आईच्या आहेत."

सगळे थांबले. सरांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, म्हणजे आपल्या प्रज्ञाचं घरच या पुरवठा साखळीत आहे, बघा, विषय कसा आपल्या दारात येतो. आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. मी सांगायचा प्रयत्न केला की आईनं या विकल्या नाहीत, या धुऱ्यावर वाळत होत्या. तोवर यंत्र पुन्हा सुरू झालं होतं. व्यवस्थापकांनी हातानंच खूण करून सांगितलं की माल ठेकेदार आणतो, त्याला विचारा. एक चिंधी मी उचलून मुठीत ठेवली. बसमध्ये सर माझ्या शेजारी येऊन बसले आणि आनंदानं म्हणाले की यावर तू लिहायला हवंस.

घरी पोचलो तर अंगणात शेणाचा धूर. माय गोवऱ्यांवर आणि कसल्या तरी ओल्या-सुक्या लाकडांवर रस्सा उकळत होती. बाजेचा मोडका गाता, म्हणजे चौकटीचा दांडा, आणि बाभळीची हिरवी फांदी होती ती, मला नंतर दिसलं. मायनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिला ठाऊक झालेलं होतं. पहाटे मोळ्या आणायला गेली तेव्हा धुरा मोकळा होता आणि दगड एकटा पडला होता. पण दारात पाहुणे होते. तिनं पदर सारखा केला आणि सगळ्यांना या म्हणाली, बसा म्हणाली, उन्हात आले म्हणाली. अनुसयामावशी पाणी देत होती, तिचे डोळे लाल होते. पाहुण्यांना वाटलं धुरानं.

 मुलं पाटोडीचं कौतुक करत होती, डोळे पुसत होती, खोकत होती. एका कोपऱ्यात गॅसची टाकी होती, वर घातलेली विणलेली खोळ आणि खोळीवर ठेवलेला डबा. ती परत भरून आणणं मायला परवडत नव्हतं. सरांनी ती पाहिली, चूल पाहिली, आणि हलक्या आवाजात मुलांना म्हणाले की स्वयंपाकघरातला धूर आणि स्त्रियांचं आरोग्य हा आपण वर्गात घेतलेला मुद्दा इथं प्रत्यक्ष बघा. त्यांचा हेतू चांगला होता. त्यांचा हेतू नेहमीच चांगला असायचा. ज्या सरपणाला धूर कमी असतो ते त्यांनी सकाळीच बघून, वाखाणून, टाळ्यांसकट मागं सोडलं होतं, हे त्यांना कोणी सांगायचं? मी वाढत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. जाताना सरांनी मायला वाकून नमस्कार केला आणि मायनं त्यांना दोन्ही हात जोडले.

बस गेली. मी थांबले. मुठीतली चिंधी मायसमोर धरली. तिनं ती घेतली, झटकली, घडी घालून कमरेला खोवली आणि म्हणाली, चाल.

बापू ओसरीवर बसले होते. आम्ही तिघी गेलो, मी, माय, मावशी. बसा म्हणाले, चहा सांगू का म्हणाले. मग त्यांनी सरळच सांगितलं. पऱ्हाटीचा सौदा त्यांनी उलंगवाडीलाच ठेकेदाराशी करून टाकला होता. ठेकेदार म्हणाला होता, उपटायला यंत्र आणतो. मग इकडं रान उपटलेलं, मोळ्या बांधलेल्या, तो ट्रॉली घेऊन आला आणि आयतं भरून गेला. यात बापूंच्या लेखी लपवण्यासारखं काही नव्हतं. मावशीचा आवाज चढला. आम्ही उपटत होतो तेव्हा तुम्ही रोज विहिरीवर येत होतात, धुऱ्यावरचा दगड तुम्हाला दिसत होता, मग एक आवाज का दिला नाही, असं ती विचारत राहिली.  बापूंनी तिच्याकडे पाहिलं.

"मी तुमाले उपटाले सांगतलं होतं काय?"

मी काहीतरी बोलायला गेले. मायनं माझा हात धरला. तिचा तळहात सोलवटलेला होता, त्याचा खरखरीतपणा मला आत्ता हे लिहिताना मनगटावर जाणवतो.

"नाई बापू," ती म्हणाली. "तुमी कधीच नाई सांगतलं."

बस्स. ती उठली, आम्ही निघालो. या एका वाक्यावर मी पुढं किती विचार केला त्याला गणती नाही. ते खरं होतं. बापूंनी कधीच सांगितलं नव्हतं, त्यांच्या वडिलांनीही नाही, आणि न सांगता चालायचं हीच तर त्या रीतीची अब्रू होती. मायला वाटलं, रीत आहे म्हणजे बोलायची गरज नाही. बापूंना वाटलं, बोललो नाही म्हणजे बांधलेला नाही. दोघांनीही तोंड उघडलं नाही, पण एकीची मेहनत गेली आणि दुसऱ्याचं रान फुकटात साफ झालं. ठेकेदार तर आयत्या बिळावरचा नागोबा. कायदा पाहायला गेलं तर पऱ्हाटी बापूंचीच. मला कायद्याचाही एक पेपर होता, त्यात मी उत्तीर्ण झाले.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला, कृषी-अवशेषांपासून हरित इंधन ही यशोगाथा आहे, चर्चा करा. बाहेर कोकीळ ओरडत होती, पंख्याला गरम वारा येत होता. मी चर्चा केली. जांभळ्या लुगड्यापासून सुरुवात केली आणि बापूंच्या ओसरीपर्यंत गेले, हात दुखेस्तोवर लिहिलं. मला वाटलं होतं, नापास करतील. कोणीतरी चिडेल तरी. तसं काही झालं नाही. सरांनी बोलावून अभिनंदन केलं, वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला पडले. मायच्या पऱ्हाटीचे मला गुण मिळाले. मला आजवर कोणी शिवी दिली असती तर ती इतकी लागली नसती. सर म्हणाले, फार संयत आणि प्रामाणिक लिहिलंस. मग माझ्या परवानगीनं ते उदाहरण त्यांनी इतर ठिकाणी सांगायला सुरुवात केली. हॉल भरतात म्हणे. लोक हळहळतात.

सरांनी एवढ्यावर सोडलं असं मात्र नाही, अन्याय करायला नको. त्यांनी कारखान्याशी बोलणं केलं, आणि पुढच्या वर्षी कारखान्यानं आसपासच्या बायांना आवारात रोजावर घेतलं. अनुसयामावशी जाते. तोंडाला रुमाल बांधून यंत्राच्या तोंडात दिवसभर पऱ्हाटी घालते. सुटताना फाटकावर पिशव्या तपासतात, कोणी काडी घेऊन जाऊ नये म्हणून. मावशी मला हे हसत सांगत होती. म्हणाली, जलमभर पऱ्हाटी घरी आणली, आता पऱ्हाटीच्या घरी जाऊन राह्यलो. माय कामाला गेली नाही. कोणी कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायची. गुडघे दुखतात हेही खोटं नाही.

धुऱ्यावरचा दगड वर्षभर तिथंच होता. नांगरताना फाळाला लागेल म्हणून बापूंच्या गड्यानं तो उचलून नाल्यात टाकला. मावशीनंच सांगितलं. वस्तीतल्या इतर बायांचे दगडही त्यानंतर हळूहळू दिसेनासे झाले. पहिल्या वर्षी काहीजणी आधी विचारायला गेल्या, यंदा उपटू का, म्हणून. एकदा विचारलं, की समोरच्याला ‘नाही’ म्हणायची सोय होते. बऱ्याच ठिकाणी ‘नाही’च ऐकायला मिळालं, कुठं हो म्हणाले तर वरून सांगितलं की आमच्या पऱ्हाटीवर तुमचं घर चालतं, ध्यानात ठेवा. रीत मेली ती अशी. तिला कोणी मारलं म्हणून बोट दाखवायला जावं तर प्रत्येकजण म्हणतो, मी काय केलं.

मी वर्गात शिकवते. पहिल्या वर्षाला सक्तीचा विषय आहे, पोरं मागच्या बाकांवर डुलक्या काढतात. पुस्तकात टाकाऊपासून टिकाऊ असा धडा आहे, त्यात पऱ्हाटीचं नाव टाकाऊच्या बाजूला आहे. यादी वाचताना मी ते नाव गाळते. एवढीच माझी क्रांती. एका पोरीनं एकदा विचारलं, मॅडम, पऱ्हाटी राह्यली नं. मी म्हटलं, राहू दे. ती मानोऱ्याकडची होती, तिला कदाचित कळलं असेल.

माय आता माझ्याजवळ राहते, वाशिमला, भाड्याच्या दोन खोल्यांत. गावातली चूल थंड आहे. इथं गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी तिला चुलीवरचंच लागतं, म्हणून मागच्या बाजूला तीन विटा मांडून घेतल्यात आणि दुकानांतले खोके फाडून ती त्यावर पाणी तापवते. गेल्या आठवड्यात संध्याकाळी वादळ झालं, चार थेंब आणि नुसता वारा. घरमालकाच्या आवारातल्या कडुलिंबाची मोठी फांदी मोडून भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला पडली. सकाळी मी उठले तर माय फांदीपाशी उभी होती. हात मागं बांधलेले. अशी चांगली मनगटाएवढी लाकडं होती, महिनाभराचं पाणी तापलं असतं.

मी म्हटलं, घे ना माय, मी तोडून देते.

ती म्हणाली, "मालकाले विचारून ये अगुदर."

मी म्हटलं, अगं, रस्त्यावर पडलीये, कोणाची नाही. ती ऐकेना. तिच्या तोंडून विचारून ये हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले होते. टोपली टाकून दिलेल्या घराची सून ती. मला तिचा राग आला, मग बापूंचा आला, सरांचा आला, टाळ्या वाजवणाऱ्या त्या चांगल्या मुलांचा आला. आणि तरी मी वर जाऊन मालकांची बेल वाजवली. दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, अकोल्याला लग्नाला गेलेत, उद्या येतील. खाली येऊन सांगितलं तर माय पायरीवर बसली. येऊ दे त्याइले, म्हणाली. मी कॉलेजला गेले, परत आले, तरी ती तिथंच होती, मध्ये उठून जेवली असेल तेवढंच. फांदीची पानं उन्हानं मरगळली होती.

चारच्या सुमाराला नगरपालिकेची घंटागाडी गाणं वाजवत आली, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. गाडीवरचा माणूस खाली उतरला. त्यानं फांदी पायानं हलवून पाहिली आणि मायला आदबीनं विचारलं, "मावशी, तुमची हाय काय हे?"

मी खोलीतून धावत दारापर्यंत आले होते.

"नाई," माय म्हणाली.

त्यानं फांदी ओढत नेली आणि गाडीत टाकली.